चोवीस वर्षांच्या झेनला रेडिएटर शोधताना

९ मार्च २०२५, रविवार. बेळगावला मावसबहिणीच्या मुलीचा साखरपुडा होता. सकाळी साडेआठला निपाणीहून निघालो. गाडी, आमची २००१ ची मारुती झेन, मी चालवत होते, शेजारी आप्पा, मागे आई आणि तिच्या मांडीवर फळांची करंडी. तवंदी घाटाच्या चढाला पुढे दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर लागला. त्याच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये, एसी चालू ठेवून, पाच-सात मिनिटं रखडलो असू. आप्पा म्हणाले, "अगं, काटा बघ." उष्णतेचा काटा लाल पट्टीला टेकायला आला होता.

एसी बंद केला, काचा खाली केल्या, हीटर पूर्ण गरमवर लावला (त्यानं इंजिनची थोडी उष्णता आत ओढली जाते, उकडतं, पण इंजिन वाचतं) आणि जागा मिळताच गाडी बाजूला घेतली. बॉनेटच्या फटीतून वाफ येत होती आणि खाली हिरवट पाण्याचा ओघळ रस्त्यावर पसरत होता. एक दुचाकीवाला मदतीला थांबला. चांगला मुलगा होता. ओलं फडकं घेऊन म्हणाला, "ताई, टोपण काढतो की, वाफ जाऊ दे." मी त्याला हात लावू दिला नाही. मी हायस्कूलला विज्ञान शिकवते, म्हणून हे एवढं पक्कं ठाऊक होतं: रेडिएटरच्या (इंजिनचं तापलेलं पाणी गार करणाऱ्या जाळीच्या) टोपणावर ०.९ बार असं लिहिलेलं असतं, म्हणजे आतलं पाणी दाबाखाली असतं आणि ते शंभराला नाही, ११८ अंशांच्या आसपास उकळतं. टोपण उघडलं की दाब जातो, त्यातल्या काही पाण्याची एका क्षणात वाफ होते आणि उकळतं पाणी उसळून तोंडावर येतं. घाईत असाल तरी अर्धा-पाऊण तास थांबाच.

आम्ही पन्नास मिनिटं थांबलो. मागून येणाऱ्या मामेभावाच्या गाडीतून आई-आप्पा पुढे गेले. स्तवनिधीच्या बाजूनं एकानं दोन बाटल्या पाणी आणून दिलं. टोपणाला हात लावता येतो हे पाहून मी ते हळूहळू ओतलं आणि उतारानं निपाणीला परत आले. साखरपुडा चुकला.

दुसऱ्या दिवशी गाडी आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडे. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात होता, त्यामुळे ते मला बाईच म्हणतात. त्यांनी रेडिएटरकडे बघितलंसुद्धा नाही आधी. ऑइलचं टोपण काढून त्याची आतली बाजू बोटानं पुसून पाहिली. तिथं दुधाळ साय दिसली असती तर पाणी ऑइलमध्ये मिसळतंय, म्हणजे हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग, हेड, आणि खालचा भाग यांच्या सांध्यातली पट्टी) गेलं, असं समजायचं. साय नव्हती. मग रेडिएटरचं टोपण काढून गार इंजिन सुरू केलं आणि तोंडाशी बुडबुडे येतात का पाहिलं. तेही नव्हते. सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही. "हेड वाचलंय बाई. लवकर थांबला म्हणून. आणि एक किलोमीटर वडली असती तर पंधरा हजाराला बसलं असतं."

मग फॅन. फॅनची मोटर वायरनं थेट बॅटरीला जोडून पाहिली, फिरली. पाण्याचा पंप गळत नव्हता. थर्मोस्टॅट (पाणी पुरेसं तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) काढला आणि तो मी मागून घरी नेला, कारण त्यावर ८२ हा आकडा कोरलेला होता आणि माझ्याकडे शाळेचा थर्मामीटर होता. जुन्या पातेल्यात दोऱ्याला टांगून, तळाला न टेकवता, पाणी तापवत नेलं. ७५ ला हालचाल नाही, ८० ला नाही. ८३ च्या सुमारास मधली पितळी चकती कणाकणानं उचलायला लागली आणि नव्वदीत पूर्ण उघडली. शेजारी आप्पा उभे होते. चोवीस वर्षं जी वस्तू आपल्या गाडीत होती ती काय करते ते त्यांनी पहिल्यांदा पाहिलं. थर्मोस्टॅट ठीक होता, म्हणजे त्याचे चार-पाचशे रुपये वाचले. घरी करण्यासारखी ही एकच तपासणी आहे, जरूर करा.

राहिला रेडिएटर. मिस्त्रींनी इंजिन तापवून, बंद करून जाळीवर तळहात फिरवला आणि मला फिरवायला सांगितला. वरचा भाग चटका देणारा, खालचा उजवा कोपरा जवळजवळ गार. "हितनं पाणीच जाईना झालंय. नळ्या भरल्यात." शिवाय वरच्या प्लॅस्टिकच्या टाकीला, जिथं ती अॅल्युमिनियमच्या पट्टीत दाबून बसवलेली असते तिथं, केसाएवढी चीर होती. पाणी आधी तिथून हळूहळू जात राहिलं आणि घाटात उरलेलं उकळलं. तपासणीचे ३०० रुपये झाले.

"बाई, पाणी कसलं घालत होता?"

आप्पा रोज सकाळी गाडी पुसतात आणि बाटलीभर पाणी वरून घालतात. घरच्या बोअरचं. त्याच पाण्यानं आमच्या गीझरची कॉइल दर दोन वर्षांनी जाते, बादलीला पांढरा थर धरतो. दुष्फेन पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार तापवल्यावर खाली बसतात, हे मी दरवर्षी आठवीला शिकवते आणि आमच्याच अंगणात ते रोज घडत होतं. आप्पांना फार वाईट वाटलं. मी त्यांना सांगितलं की ते रोज बघत होते म्हणून गाडी इतकी टिकली. ते खरंच आहे. पण कूलंट, म्हणजे रेडिएटरमधलं इंजिन गार ठेवणारं द्रव, कमी होत असेल तर पाणी घालत राहणं हा उपाय नव्हे, ते कुठं जातंय ते शोधायला हवं होतं.

ॲसिड घालून नळ्या साफ करून देतो, असं एका दुसऱ्या गॅरेजमध्ये सांगितलं. जाळी अॅल्युमिनियमची असेल तर हे अजिबात करू नका. क्षार जातील आणि त्याबरोबर नळ्याही खाल्ल्या जातील. चिरेवर एम-सील लावून सहाशेत काम भागेल, असंही कुणी म्हणालं. आमच्या मिस्त्रींनीच नको म्हटलं. दाबाखाली, रोज गरम-गार होणाऱ्या प्लॅस्टिकवर ते घाटात सुटणार.

आता नवा घ्यायचा हे ठरलं. मला वाटलं होतं, शनिवारी जाऊन रविवारी गाडी मिळेल. प्रत्यक्षात दोन महिने गेले.

१५ मार्चला, शनिवारी, कोल्हापूरला कंपनीच्या सुट्या भागांच्या काउंटरवर गेले. निपाणीची माणसं अशा वेळी नेहमी विचार करतात की कोल्हापूर की बेळगाव. कोल्हापूर चाळीस किलोमीटर, बेळगाव पंचाहत्तर. गाडी बंद असल्यामुळे बस. बेळगावला कर्नाटकच्या बसनं आधार दाखवून बायकांसाठीच्या शक्ती योजनेचं शून्य तिकीट मिळतं, एसटीनं कोल्हापूरला गेलं की महाराष्ट्राच्या हद्दीत बायकांना निम्मं. कोल्हापूर जवळ, म्हणून तिकडे आधी.

काउंटरवर आरसीची झेरॉक्स मागितली, चासी नंबर कॉम्प्युटरवर घातला. भाग मिळतो, पण साठ्यात नाही, डेपोतून मागवावा लागेल. किंमत ४,८०० रुपये, निम्मे आगाऊ. २,४०० भरले, पावती घेतली. "आठ-दहा दिवस." २१ मार्चपासून एसएसएलसीची (कर्नाटकातल्या दहावीची) परीक्षा सुरू झाली, मला पर्यवेक्षणाचं काम होतं, रोज बस बदलून केंद्रावर जात होते. २९ मार्चला, पाडव्याच्या आदल्या दिवशी, फोन करून विचारलं तर "बॅक ऑर्डरला आहे", म्हणजे डेपोतही नाही. कधी येईल सांगता येत नाही. परीक्षा ४ एप्रिलला संपली, ५ ला जाऊन ऑर्डर रद्द केली. त्यासाठी अर्ज, मूळ पावती, रद्द केलेला चेक आणि आधारची प्रत. मार्चअखेरचे हिशेब चालले होते, म्हणून पैसे २१ एप्रिलला खात्यात आले. पूर्ण आले, पण मधले पाच आठवडे गेले. आगाऊ भरण्याआधी हे दोन प्रश्न विचारून उत्तर पावतीवर लिहून घ्या: आज डेपोत नग आहे का, आणि नाही आला तर पैसे किती दिवसांत परत. मी ते विचारलं नव्हतं.

दरम्यान १२ एप्रिलला, सुट्टी लागल्यावर, गावाजवळच्या एका दुकानातून २,१५० रुपयांचा रेडिएटर घेतला. दुकानदारानं विचारलं, "झेन का?" मी म्हटलं, झेन. त्यानं खोकं दिलं. मी जुना बरोबर नेला नव्हता, कारण तो गाडीतच होता. मिस्त्रींनी जुना उतरवला, नवा शेजारी ठेवला आणि न बसवताच मला फोन केला. खालच्या नळीचं तोंड भलतीकडे होतं, फॅनचे बोल्ट जुळत नव्हते. खोक्यावरच्या चिठ्ठीवर झेनच्या पुढे बारीक "डी" होतं. झेन डिझेलमध्येही आली होती. तिला प्यूजोचं १५२७ सीसीचं इंजिन होतं, आमचं पेट्रोलचं ९९३ सीसीचं. झेन ऑटोमॅटिकही होती, आणि ऑटोमॅटिक गाड्यांत गिअरबॉक्सचं तेल गार करायची नळी बहुधा रेडिएटरच्याच टाकीतून जाते. एसी आणि बिनएसी गाडीतही जाळीच्या आकारात, फॅनच्या जागेत फरक असू शकतो. म्हणजे "झेनचा रेडिएटर" या शब्दांना दुकानात तीन-चार वेगळ्या वस्तू लागू पडतात, आणि मी नुसतं नाव सांगून पैसे दिले होते.

दुकानदारानं रोख परत द्यायला नकार दिला. खोकं फाडलेलं होतं म्हणून दहा टक्के कापून १,९३५ रुपयांची क्रेडिट नोट दिली. भांडण झालं नाही. खोकं दुकानातच उघडून बघायला हवं होतं हे मला कळत होतं.

त्या संध्याकाळी मी जुना रेडिएटर घरी आणला. अंगणात पोत्यावर आडवा ठेवला. आप्पांनी फ्रीजच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा काढला. रेडिएटर त्यावर ठेवून कडेनं पेन्सिल फिरवली, वरचं तोंड, खालचं तोंड, टोपणाची मान, खालच्या दोन खुंट्या, वरच्या पट्टीची भोकं, फॅनच्या चार बोल्टांच्या जागा, सेन्सरचं भोक, सगळं जागच्या जागी. तोंडांचे बाहेरचे व्यास शाळेच्या वर्नियरनं मोजले. जाळीची जाडी १६ मिलिमीटर भरली. आप्पांनी जाड लाल पेननं लिहिलं: पेट्रोल, मॅन्युअल, एसी, २००१. मग कात्रीनं कापला. जुन्या जाळीच्या पंखांत, म्हणजे नळ्यांमधल्या पातळ पत्र्यांत, अजून घाटातली धूळ आणि उसाची बारीक पाचट अडकलेली होती. एका पंखावर बोट दाबलं तर तो खळकन तुटला, इतका गंजून कागदासारखा झाला होता. आतून टॉर्च लावून टाकीत पाहिलं तर नळ्यांच्या तोंडांवर चुन्याची पांढरी कड, काही तोंडं पार बुजलेली.

या टप्प्यावर मनात एक वेगळाच प्रश्न आला: खर्च करावा का? गाडीची नोंदणी सप्टेंबर २००१ ची, चिकोडी आरटीओची, केए-२३. पंधरा वर्षं झाल्यावर २०१६ ला पाच वर्षांसाठी नूतनीकरण केलं, मग २०२१ ला. त्यानंतरचं सप्टेंबर २०२६ ला. २०२१ ला नूतनीकरणाची फी ६०० रुपये होती. एप्रिल २०२२ पासून ती ५,००० झाली, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या कारसाठी १०,००० झाली आहे. एप्रिलमध्ये मला पाच हजारच माहीत होते. तरी ठरवलं की ठेवायची. इंजिन चांगलं आहे, पत्रा गंजलेला नाही, आणि आप्पांना दर महिन्याला डोळ्यांसाठी कोल्हापूरला न्यावं लागतं. त्यांचे गुडघे उंच गाडीत चढू देत नाहीत, झेनच्या सीटवर ते स्वतःचे स्वतः बसतात. माझ्या दृष्टीनं एवढं पुरे होतं.

पुठ्ठा घेऊन मी २६ एप्रिलला कोल्हापूरला उद्यमनगरात एका रेडिएटर दुरुस्तीवाल्या मामांकडे गेले. वय सत्तरीचं, हातावर झाळीचे जुने डाग. भट्टीपाशी एका ट्रॅक्टरचा पितळी टाकीचा रेडिएटर उघडा ठेवला होता आणि ते लांब सळी एकेका नळीतून आरपार घालून गाळ काढत होते. पुठ्ठा पाहून त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलून उजेडात धरला. "कुणी केलं हे? लई झकास." तांब्याची जाळी, पितळी टाक्या करून देतो म्हणाले. ६,५०० रुपये, आठ दिवस.

मी त्यांना विचारलं, तांब्याचा चांगला की अॅल्युमिनियमचा. पुस्तकी हिशेबानं तांबं उष्णता अॅल्युमिनियमपेक्षा दीडपटीहून जास्त वाहून नेतं. मामा म्हणाले, "धातू तांब्याचाच भारी. पण तांब्याच्या नळ्या झाळीनं जोडायच्या, बारीक ठेवायला लागतात. अॅल्युमिनियमच्या रुंद करता येतात, नळी पंखांना जास्त भिडते. म्हणून नव्या गाड्यांत तेच." मग थांबून म्हणाले, "तांब्याचा फायदा एकच. फुटला तर मी दुरुस्त करून देतो. पण ताई, माझ्यानंतर हितं झाळ देणारं कोण ऱ्हातंय, सांगता येत न्हाई. आणि तुमची गाडी हलकी. वजन वाढलं की खालच्या रबराला ताण येतो." ते स्वतःचं काम सोडून मला खरं सांगत होते. बाजारातला चांगला अॅल्युमिनियमचा घ्या, पण जाळी चाचपून घ्या, असं त्यांनी सांगितलं: टाकी जिथं पट्टीत दाबलेली असते ते दात सगळीकडे सारखे वळलेले हवेत, पंख दाट आणि सरळ हवेत, टाकीच्या प्लॅस्टिकची कड खरखरीत नको, आणि उचलल्यावर अगदीच हलका वाटला तर परत ठेवा. दोन नावं त्यांनी घेतली, त्यात वडोदऱ्याच्या बॅन्कोचं एक. जुनी जाळी त्यांना भंगारात देते म्हटलं तर, नवा बसेपर्यंत ठेवा, असं म्हणाले. भंगारातून वापरलेला रेडिएटर घ्यायचा पर्यायही होता, बाराशेला मिळत होता. आत किती क्षार आहेत ते कळायला मार्ग नाही, म्हणून मी तो विचार सोडला.

ज्यांच्या गाडीला मुळात तांब्याचा रेडिएटर आहे, जुनी पद्मिनी, अँबॅसिडर, जीप, त्यांनी मात्र असा कारागीर जवळ असेपर्यंत जुनाच नवी जाळी घालून घ्यावा, असं मला वाटतं. टाक्या जाड पितळेच्या असतात, त्या टिकतात. आमच्यासारख्या प्लॅस्टिक टाकीच्या गाडीला तो खर्च पटत नाही.

३ मे, शनिवार. बेळगावला गेले. पुठ्ठा गुंडाळला तर मापं बिघडतील म्हणून बसमध्ये उभा धरून नेला. तिसऱ्या दुकानात मालकांनी तो काउंटरवर पसरला आणि आतून दोन खोकी मागवली. मुलाशी कानडीत बोलत होते, माझ्याशी मराठीत. "पहिला ठेवून बघूया, मग बिल बोलूया." पहिल्याच्या खुंट्या दोन बोटं आत होत्या. दुसरा पुठ्ठ्यावर ठेवला आणि सगळी तोंडं, सगळी भोकं बरोबर बसली. मामांनी सांगितल्याप्रमाणे दात बोटानं चाचपले. सगळे सारखे. तोंडांना प्लॅस्टिकची टोपणं लावलेली होती, ती बसवेपर्यंत काढू नका असं त्यांनी बजावलं, आत धूळ जाते.

किंमत ३,२५०. बिल करातलं: २,५३९ अधिक २८ टक्के जीएसटी. सीमेपलीकडून आलं म्हणून जास्त कर लागतो असं आमच्याकडे बरेच जण समजतात, तसं नाही. काउंटरवर घेतलं की कोल्हापूर काय, बेळगाव काय, कर तेवढाच. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के झाला आहे. आज तोच मूळ दर असेल तर २,९९६ ला पडेल. वॉरंटी एक वर्षाची, पण अटी वाचा: बिलावर गाडीचा नंबर हवा, बसवल्याची तारीख आणि गॅरेजचा शिक्का हवा, आणि साधं पाणी किंवा गळती बंद करायची पावडर वापरलेली आढळली तर वॉरंटी रद्द. ती पावडर आम्हाला घाटापासून चौघांनी सुचवली होती.

परतीच्या बसला गर्दी होती. खोकं खाली ठेवलं तर कुणाचा तरी पाय पंखांवर पडणार, म्हणून निपाणीपर्यंत मांडीवर घेऊन बसले. संकेश्वरला शेजारी बसलेल्या आजींनी विचारलं, "देव हाय काय गं त्यात?" मी सांगितलं रेडिएटर. तवंदी घाट उतरताना त्यांनी आपणहून खोक्याला एका बाजूनं हात लावला आणि निपाणी येईपर्यंत काढला नाही.

५ मेला गाडी मिस्त्रींकडे दिली. क्रेडिट नोटमधून आधीच वरची-खालची नळी, चार क्लिपा आणि नवं ०.९ चं टोपण घेऊन ठेवलं होतं. हे तिन्ही मिळून ८२० रुपये. उरलेल्यात ऑइल फिल्टर, एअर फिल्टर आणि बेल्ट. टोपण जुनंच ठेवायचा मोह होतो, पण त्याची स्प्रिंग ढिली झाली की दाब राहत नाही आणि पाणी लवकर उकळतं. आणि जास्त दाबाचं घालू नका, जुन्या नळ्या आणि प्लॅस्टिक टाकी फुटते.

नवा बसवण्याआधी मिस्त्रींनी इंजिनमधून आणि हीटरमधून पाणी सोडून धुतलं. पहिल्या वेळी तांबडा-पांढरा गाळ आला, पाचव्या वेळी स्वच्छ. हे टाळू नका, नाहीतर जुना गाळ नव्या नळ्यांत जाऊन बसतो. एसीचा कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढची एसीची जाळी) नळ्या न सोडता नुसता बोल्ट काढून पुढे झुकवला, म्हणजे गॅस भरायचा खर्च नाही. रेडिएटर खाली सरकवताना दोन्ही बाजूंना पुठ्ठे धरले. तो मोठा पुठ्ठा नव्हे, तो मी आधीच घरी ठेवला होता.

कूलंट मी जाणूनबुजून साधं हिरवं घेतलं, दोन लिटर अर्क, ६८० रुपये. पाच लिटर डिस्टिल्ड पाणी बॅटरीच्या दुकानातून, १२०. निम्मं-निम्मं आधीच डब्यात मिसळलं. एकूण चार लिटरच्या आसपास मावलं. तयार मिसळलेलं घेत असाल तर त्यात पुन्हा पाणी घालू नका. रंगावर जाऊ नका, डब्यावर काय लिहिलंय ते वाचा, आणि दोन प्रकारचं एकत्र करू नका. जुनं निघालेलं कूलंट डब्यात भरून झाकण लावून ठेवा. ते चवीला गोड असतं आणि विषारी असतं. गल्लीतली मांजरं, कुत्री, शेजारची लहान मुलं, सगळ्यांना धोका.

भरताना टोपण उघडं, हीटर गरमवर, गाडीचं तोंड उंचावर. मिस्त्री वरची नळी हातानं दाबत-सोडत राहिले, बुडबुडे येत राहिले, पातळी खाली जात राहिली. फॅन दोनदा आपोआप लागून बंद होईपर्यंत टोपण लावलं नाही. हवा आत राहिली तर नवा रेडिएटर असूनही गाडी तापते. पहिल्या संध्याकाळी खालच्या क्लिपेपाशी एक थेंब दिसला, अर्धा फेरा आवळला, थांबला.

मजुरी १,१००. सगळा हिशेब, तपासणी आणि कापलेले दहा टक्के धरून, ६,४८५ रुपये. प्रवास वेगळा.

१८ मेला, रविवारी, मी आणि आप्पा मुद्दाम तवंदी घाटात गेलो. दुपारी दोन वाजता, एसी लावून. आप्पांची नजर रस्त्यावर नव्हतीच. काटा निम्म्याच्या खाली आला आणि तिथंच राहिला. वर पोचून गाडी थांबवली तेव्हा फॅन लागला, दीड मिनिटानं बंद झाला. येताना ढग आले आणि वळीव गाठला.

पाच महिने झाले. दर रविवारी सकाळी, इंजिन गार असताना, आप्पा कूलंटच्या बाटलीवरची खूण बघतात आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत टिकमार्क करतात. पाणी घालत नाहीत. बॉनेटच्या आत चिकटपट्टीवर लिहून ठेवलंय: कूलंट बदल, मे २०२७.

पुठ्ठा सध्या आमच्याकडे नाही. ऑगस्टमध्ये संकेश्वरचे एक गृहस्थ मिस्त्रींकडून पत्ता विचारत घरी आले. त्यांची झेनही एसी, पेट्रोल. त्यांना देताना लक्षात आलं की आम्ही पाणी सोडायच्या खालच्या स्क्रूची बाजू काढायला विसरलो होतो. आप्पांनी गाडीखाली टॉर्च धरायला लावून ती बघितली आणि लाल पेननं पुठ्ठ्यावर गोल केला. तुमची झेन दुसऱ्या वर्षाची असेल तर मापं तुमच्याच जुन्या रेडिएटरवरून घ्या, आमच्या पुठ्ठ्यावरून नको.